पाठदुखीसाठी गादी : अमेरिकेत विम्यातून किंवा करमुक्त खात्यातून पैसे कसे मिळवायचे

अमेरिकेत नोकरीला आल्यावर पहिली गादी बहुतेक जण घाईत घेतात. कुणी ग्रुपवर ‘घर सोडतोय, सामान काढायचंय’ असा मेसेज पाहून उचलतो, कुणी दुकानातली सगळ्यात स्वस्त घेतो. पुढे कंबर धरायला लागते. डॉक्टर सहज म्हणून जातात, “गादी बदलून बघा.” दुकानात हजार-दीड हजार डॉलरचे भाव पाहिले की मग प्रश्न पडतो, एवढा विम्याचा हप्ता कापून घेतात, तो विमा याचे पैसे देईल का?

मला कंबरेच्या मणक्यातल्या डिस्कचा जुना त्रास आहे. न्यू जर्सीत नोकरीच्या विम्यावर असताना मी ही सगळी प्रक्रिया केली, पैसेही मिळवले. पण ते ज्या दारातून मिळतील असं मला वाटत होतं, त्या दारातून मिळाले नाहीत. थोडक्यात सांगायचं तर आरोग्य विमा साधी गादी जवळपास कधीच देत नाही. मात्र एफएसए किंवा एचएसए या करमुक्त खात्यांतून गादीचा खर्च, निदान त्यातला मोठा भाग, रीतसर काढता येतो. त्यासाठी डॉक्टरांचं पत्र गादी घेण्याच्या आधी हातात हवं. या एका गोष्टीचा क्रम चुकल्यामुळे ओळखीतल्या कितीतरी जणांचे पैसे अडकले आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

१. आधी बघा, तुमच्याकडे नेमकं काय आहे

नवीन आलेल्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. सगळ्यालाच आपण ‘इन्शुरन्स’ म्हणतो, पण पगारातून दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी कापल्या जात असतात.

आरोग्य विमा म्हणजे डॉक्टर, हॉस्पिटल, औषधं यांचा विमा. कार्डावर विमा कंपनीचं नाव असतं.

एफएसए हे कंपनीमार्फत चालणारं खातं. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही रक्कम ठरवता आणि ती कर लागण्याआधी पगारातून हप्त्याहप्त्याने कापली जाते. २०२६ साठी कमाल मर्यादा ३,४०० डॉलर आहे. याची एक फार चांगली बाजू अशी की ठरवलेली पूर्ण रक्कम वर्षाच्या पहिल्या दिवसापासून वापरता येते, हप्ते कापले जायची वाट बघावी लागत नाही. वाईट बाजू अशी की वर्षअखेर उरलेले पैसे बुडू शकतात. काही कंपन्या ठरावीक रक्कम पुढच्या वर्षात नेऊ देतात (२०२६ साठी जास्तीत जास्त ६८० डॉलर), काही अडीच महिन्यांची वाढीव मुदत देतात, काही दोन्ही देत नाहीत. आपली कंपनी काय देते ते एचआरला विचारून घ्या.

एचएसए फक्त जास्त डिडक्टिबलच्या (विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षात आपण स्वतः भरायची रक्कम), म्हणजे एचडीएचपी प्रकारच्या विम्याबरोबर उघडता येतं. पैसे तुमचेच राहतात, नोकरी बदलली तरी जात नाहीत. २०२६ ची मर्यादा एकट्यासाठी ४,४०० आणि कुटुंबासाठी ८,७५० डॉलर आहे.

नवरा-बायको दोघं नोकरी करत असतील तर एक गोष्ट नीट तपासा. एकाच्या कंपनीत साधं एफएसए असेल, तर त्या एफएसएतून दुसऱ्याचाही खर्च करता येतो आणि त्यामुळे दुसऱ्याला एचएसएत पैसे भरता येत नाहीत. एचएसएबरोबर ‘लिमिटेड पर्पज एफएसए’ चालतं, पण ते फक्त दात आणि डोळ्यांच्या खर्चासाठी असतं. त्यातून गादी निघणार नाही.

२. विमा कंपनी ‘नाही’ का म्हणते

घरी वापरायच्या वैद्यकीय वस्तूंना इथे ‘ड्युरेबल मेडिकल इक्विपमेंट’ म्हणतात, बोलताना नुसतं डीएमई. व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनचं मशीन, हॉस्पिटलसारखी खाट यात येतात. मेडिकेअर ही सरकारी योजना यासाठी जे निकष लावते, तेच थोड्याफार फरकाने खासगी कंपन्याही लावतात. वस्तू टिकाऊ हवी, मुख्यतः वैद्यकीय कामासाठीच वापरली जाणारी हवी, घरात वापरता येणारी हवी आणि निरोगी माणसाला तिचा सहसा उपयोग नसावा. गादी अडते ती या शेवटच्या निकषावर. निरोगी माणूसही गादीवरच झोपतो, त्यामुळे तुमची पाठ कितीही दुखत असली तरी वस्तू म्हणून गादी ‘घरगुती’ ठरते.

मेडिकेअरच्या डीएमई यादीत गादीचा उल्लेख आहे, पण अटीसह. हॉस्पिटलची खाट वैद्यकीय कारणाने मंजूर झाली असेल, तरच तिच्यावरची गादी मिळते. गादीखाली घालायची फळी तर स्पष्टपणे नाकारलेल्या वस्तूंत आहे. आपल्याकडे पाठ दुखली की पहिला सल्ला फळीवर झोपायचा मिळतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरी सोय बेडसोर, म्हणजे अंथरुणाला खिळल्यामुळे होणाऱ्या जखमांसाठी आहे. हवेचा दाब बदलणाऱ्या गाद्या, विशेष फोमची आच्छादनं अशा वस्तू त्या जखमांच्या अवस्थेनुसार मंजूर होतात. चालत्याफिरत्या माणसाच्या पाठदुखीला हे लागू होत नाही.

३. तरीही विमा कंपनीला एक फोन करा

हा फोन करायचा कारण तोंडी ऐकलेल्या ‘नाही’पेक्षा तुमच्या प्लॅनच्या कागदावर काय लिहिलंय हे महत्त्वाचं. कार्डाच्या मागे मेंबर सर्व्हिसेसचा नंबर असतो. फोनवर “गादी कव्हर होते का?” असं विचारलंत तर समोरचा माणूस दोन सेकंदांत नाही म्हणेल. त्याऐवजी हे विचारा :

माझ्या प्लॅनमध्ये मॅट्रेस किंवा बेडिंग यांना स्पष्ट ‘एक्सक्लूजन’ आहे का, म्हणजे ते वगळलेले आहेत का? असल्यास ते कागदपत्रात कोणत्या पानावर आहे?

डीएमईसाठी ‘प्रायर ऑथरायझेशन’, म्हणजे विमा कंपनीची आधी घेतलेली मंजुरी, लागतं का?

हॉस्पिटल बेड आणि त्याची गादी यांचे निकष काय आहेत, ते मला पोर्टलवर पाठवाल का?

आमच्या भागातले इन-नेटवर्क, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेले, डीएमई पुरवठादार कोण?

तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर वहीत लिहून ठेवा. रेफरन्स नंबर मागितल्याशिवाय देत नाहीत.

बोलता बोलता एचआरलाही एक प्रश्न विचारा, आपला प्लॅन ‘सेल्फ-फंडेड’ आहे की ‘फुली इन्शुअर्ड’? मोठ्या कंपन्यांत बऱ्याचदा कार्डावर विमा कंपनीचं नाव असतं, पण बिलं तुमची कंपनीच भरत असते. पुढे तक्रार करायची वेळ आली तर कुठल्या दारात जायचं हे यावर ठरतं. सेल्फ-फंडेड असेल तर केंद्र सरकारचा श्रम विभाग, नाहीतर तुमच्या राज्याचा विमा विभाग.

तुमच्या बाबतीत हॉस्पिटल बेडचे निकष खरंच बसत असतील, उदाहरणार्थ मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर शरीर विशिष्ट स्थितीत ठेवावं लागतं आणि साध्या पलंगावर ते शक्य नाही, तर मात्र हाच रस्ता धरा. डॉक्टरांची ऑर्डर, प्रायर ऑथरायझेशन आणि इन-नेटवर्क पुरवठादार, या क्रमाने जा. अशी खाट सहसा भाड्याने मिळते. नेटवर्कबाहेरच्या दुकानातून आधी विकत घेऊन मागाहून पैसे मागायला गेलात तर हाती काही लागत नाही.

बाकीच्यांनी पुढे वाचावं. आपला रस्ता तिथे आहे.

४. एफएसए-एचएसएमधून मिळतं म्हणजे नेमकं किती

या खात्यांतले पैसे तुमचेच आहेत. तुमचा फायदा वाचलेल्या कराचा. समजा केंद्राचा कर तुम्हाला २२ टक्के दराने लागतो आणि पगारातून सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचे ७.६५ टक्के जातात. दीड हजार डॉलरचा खर्च करमुक्त पैशांतून झाला तर साधारण ४४५ डॉलर वाचतात. राज्याचा कर वेगळा. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही दोन राज्यं एचएसएला राज्याच्या करातून सूट देत नाहीत, आणि आपली माणसं या दोन राज्यांत भरपूर आहेत, तेव्हा तिथे हिशेब तेवढा कमी धरा.

आता गादीबद्दलची मुख्य अडचण. आयआरएसच्या, म्हणजे केंद्राच्या कर विभागाच्या, दृष्टीने गादी ही ‘दुहेरी वापराची’ वस्तू आहे, वैद्यकीयही आणि रोजचीही. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, डॉक्टरांचं पत्र असल्याशिवाय दावा मंजूर होत नाही. दोन, बरेच प्रशासक (म्हणजे एफएसए चालवणारी कंपनी) पूर्ण किंमत देत नाहीत, फक्त साध्या गादीपेक्षा जास्त पडलेला फरक देतात. उदाहरणार्थ, त्याच मापाची साधी गादी ७०० डॉलरची आणि तुम्हाला सांगितलेली १,५०० ची, तर दावा ८०० चा. काही प्रशासक पूर्ण रक्कम मंजूर करतात. तुमचा कोणत्या पद्धतीने करतो हे खरेदीच्या आधी पोर्टलवरून लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

५. डॉक्टरांचं पत्र, ज्यावर सगळं अवलंबून आहे

याला इथे ‘लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी’ म्हणतात. नुसतं “गादी बदला” असं प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहून आणलं तर चालत नाही. बहुतेक प्रशासकांच्या पोर्टलवर याचा छापील फॉर्म असतो. तो डाउनलोड करून सोबत घेऊन गेलात तर डॉक्टरांचं काम दोन मिनिटांचं होतं आणि काही राहून जात नाही. पत्रात हे हवं :

रुग्णाचं नाव. गादी दोघांच्या पलंगावरची असली तरी पत्र ज्याची पाठ दुखते त्याच्याच नावाने.

निदान आणि त्याचा आयसीडी-१० कोड, म्हणजे आजारासाठी ठरलेला सांकेतिक क्रमांक. हा मुद्दा छोटा वाटतो, पण इथे दावे अडकतात. कंबरदुखीसाठी पूर्वी एम ५४.५ हा कोड चालायचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो बंद होऊन त्याचे एम ५४.५०, एम ५४.५१ आणि एम ५४.५९ असे भाग झाले. जुन्या फॉर्मवरून कुणी एम ५४.५ लिहिलं तर तो अवैध कोड ठरतो. कळ पायात उतरत असेल तर एम ५४.१६ सारखा नेमका कोड जास्त वजनदार. तो ठरवायचा डॉक्टरांनीच, पण लिहिलेला पूर्ण आहे ना, एवढं आपण बघायचं.

कोणत्या प्रकारची गादी हवी आणि ती या आजारात काय मदत करेल. इथे नुसतं ‘चांगली गादी’ लिहू नये. ‘मध्यम कडक, मणक्याला आधार देणारी’ असं वर्णन हवं.

हा उपचाराचा भाग आहे, सर्वसाधारण आरोग्यासाठी किंवा आरामासाठी नाही, असं स्पष्ट वाक्य.

उपचाराचा कालावधी. पत्र सहसा एक वर्षासाठी ग्राह्य धरतात.

डॉक्टरांची सही, तारीख, परवाना क्रमांक. तारीख खरेदीच्या आधीची.

पत्रावर एमडी किंवा डीओ (दोन्ही डॉक्टरांच्याच पदव्या), नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंट यांची सही चालते. कायरोप्रॅक्टर किंवा फिजिकल थेरपिस्टची सही काही प्रशासक घेतात, काही घेत नाहीत.

आता डॉक्टरांसमोर बसल्यावर काय बोलायचं. आपल्या लोकांना दुखणं कमी करून सांगायची सवय असते. डॉक्टर विचारतात, दहापैकी किती दुखतं? आपण म्हणतो, “ठीक आहे, चालतंय, तीन-चार.” डॉक्टर तेच टाइप करतात आणि नोंद होते की रुग्ण बरा आहे. ही नोंद पुढे प्रत्येक जण वाचतो. विमा कंपनी वाचते, अपील पाहणारा डॉक्टर वाचतो. चार्टमध्ये जे लिहिलेलं नाही ते घडलंच नाही, असं धरलं जातं. म्हणून दोन आठवडे एक साधी वही ठेवा. रात्री किती वाजता जाग आली, कुशीवर वळताना कळ आली का, सकाळी उठल्यावर कंबर सैल व्हायला किती वेळ लागला, त्या दिवशी कोणती गोळी घेतली. माझ्या वहीतलं “पहाटे साडेचारला जाग, मोजे घालायला खाली वाकता आलं नाही, ४० मिनिटांनी सैल” हे एक वाक्य डॉक्टरांनी जसंच्या तसं चार्टमध्ये घातलं. ‘पाठ खूप दुखते’ या तीन शब्दांनी ते काम झालं नसतं.

आधी काय काय करून झालं तेही सांगा. फिजिकल थेरपी, व्यायाम, गोळ्या, बसायची खुर्ची बदलणं. तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल तर त्याला वैद्यकीय भाषेत ‘क्रॉनिक’ म्हणतात, तो शब्द पत्रात येऊ द्या. आणि पायाला बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यातलं काही होत असेल तर गादी-बिदी बाजूला ठेवा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे किंवा इमर्जन्सीत जा.

एक सावधगिरी. गाद्या विकणाऱ्या काही वेबसाइटवर पैसे भरताना एक छोटी प्रश्नावली येते. चार प्रश्नांची उत्तरं द्या, थोडी फी भरा, आमचे डॉक्टर पत्र देतील. आयआरएसने ६ मार्च २०२४ ला अशाच प्रकारांबद्दल जाहीर इशारा दिला आहे. तुम्ही स्वतः सांगितलेल्या लक्षणांवर कुणीतरी पत्र दिलं म्हणून खर्च वैद्यकीय ठरत नाही, आणि खर्च अपात्र ठरला तर जबाबदारी तुमची. एचएसएमधून अपात्र खर्च केला तर त्यावर प्राप्तिकर आणि वर २० टक्के दंड बसतो. तुम्हाला तपासणाऱ्या, तुमचा चार्ट ठेवणाऱ्या डॉक्टरांकडूनच पत्र घ्या.

६. गादी निवडताना

पाठ दुखते म्हणून जितकी कडक तितकी चांगली, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. जुनाट कंबरदुखी असलेल्यांना कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीचा फायदा जास्त झाला, असा त्याचा निष्कर्ष. डॉक्टरांना पत्रात याचा संदर्भ द्यायला सांगता येतो, विशेषतः अपील करायची वेळ आली तर.

पत्रात जे वर्णन आहे तेच वर्णन बिलावर यायला हवं. पत्रात ‘मध्यम कडक’ आणि बिलावर ‘प्लश पिलोटॉप’ (मऊ प्रकारची गादी) असेल तर प्रश्न येणारच. पत्र फक्त गादीचं असेल तर त्यात उशा, चादरी, पलंग, जुनी गादी नेण्याचा खर्च घालू नका. दुकानदाराला वेगवेगळ्या ओळी करायला सांगा.

बजेट कमी असेल तर डॉक्टरांना विचारा की आहे त्याच गादीवर चांगला टॉपर (वर घालायची पातळ गादी) टाकून भागेल का. त्याला नियम तेच आणि पत्रही तसंच.

बऱ्याच कंपन्या शंभर रात्रींच्या आसपास चाचणीची मुदत देतात. पाठदुखीसाठी ही मुदत नक्की घ्या, कारण दुकानात दहा मिनिटं आडवं होऊन काही कळत नाही. फक्त लक्षात ठेवा, एफएसए-एचएसएचे पैसे घेऊन झाल्यावर गादी परत केली तर आलेला परतावा त्या खात्यात परत भरावा लागतो. तो आपल्या बँकेत ठेवायचा नाही. मी तर सांगेन, गादी मानवते आहे हे कळेपर्यंत दावाच करू नका, दाव्याची मुदत संपत नाही ना एवढं बघा.

७. पैसे भरणं आणि दावा करणं

एफएसएचं डेबिट कार्ड गादीच्या दुकानात बहुधा चालणार नाही, कारण ते दुकान वैद्यकीय दुकानांत मोडत नाही. स्वतःच्या कार्डाने पैसे भरा आणि मागाहून पोर्टलवर दावा करा. एचएसएचं कार्ड चालू शकतं, पण चाललं म्हणजे मंजूर झालं असं नाही. एचएसएत तुम्हाला कुणी आधी अडवत नाही, कागद मात्र तुमच्याकडे असायला हवेत.

दाव्यासाठी लागणारी कागदपत्रं :

डॉक्टरांचं सही-तारखेचं पत्र

तपशीलवार बिल : दुकानाचं नाव, तारीख, वस्तूचं पूर्ण वर्णन, रक्कम

पैसे भरल्याची पावती (नुसती क्रेडिट कार्डाची स्लिप किंवा ‘ऑर्डर मिळाली’चा ईमेल चालत नाही)

डिलिव्हरीची तारीख दाखवणारा कागद

फक्त फरक मिळणार असेल तर त्याच मापाच्या साध्या गादीच्या किमतीचा स्क्रीनशॉट, तारखेसह

प्रशासकाने दिलेलं लेखी उत्तर

डिलिव्हरीची तारीख यासाठी, की एफएसएमध्ये खर्च कोणत्या वर्षातला हे पैसे कधी भरले यावर नाही, वस्तू कधी मिळाली यावर ठरतं. डिसेंबरच्या शेवटी ऑर्डर दिली आणि गादी जानेवारीत आली तर जुन्या वर्षाच्या पैशांतून ती निघणार नाही. वर्षअखेरीस पैसे बुडतील म्हणून धावपळ करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

नोकरी बदलणार असाल तर आणखी काळजी घ्या. एफएसए सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी थांबतं. त्या आधी मिळालेल्या वस्तूचा दावा नंतर थोडे दिवस करता येतो, पण नंतर घेतलेल्या वस्तूचा नाही. एचएसएला अशी घाई नाही. खातं उघडल्यानंतरचा खर्च असेल तर काही वर्षांनीही पैसे काढता येतात. खातं उघडण्याआधीचा खर्च मात्र कधीच चालत नाही.

हाच खर्च टॅक्स रिटर्नमध्ये वैद्यकीय वजावट म्हणून पुन्हा दाखवता येत नाही. खातंच नसेल तर वजावटीचा रस्ता आहे, पण समायोजित उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांहून वरचाच वैद्यकीय खर्च वजा होतो, तोही वजावटी एक-एक करून दाखवल्या तर. बहुतेक पगारदारांना तो लागू पडत नाही.

८. नकार आला तर

आधी नकाराचं कारण नीट वाचा. एफएसएचा नकार बऱ्याचदा खरा नकार नसतो, ‘कागद अपुरे’ एवढाच असतो. कोड राहिला, कालावधी राहिला, बिलावर वर्णन नाही. ते पूर्ण करून परत पाठवा.

विमा कंपनीच्या नकारात दोन जाती आहेत. ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ असं म्हटलं असेल तर भांडायला जागा आहे. नोकरीच्या विम्यात अंतर्गत अपीलसाठी नकार मिळाल्यापासून १८० दिवस मिळतात. त्यांनी कोणत्या निकषावर नाकारलं ते निकष आणि तुमची पूर्ण फाइल विनामूल्य मागायचा तुम्हाला हक्क आहे. ती आधी मागा, मग अपील लिहा. डॉक्टरांना ‘पिअर-टू-पिअर’ची विनंती करा, म्हणजे तुमचे डॉक्टर थेट विमा कंपनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलतात. अजून खरेदी न केलेल्या वस्तूच्या अपीलवर ३० दिवसांत आणि झालेल्या खर्चाच्या अपीलवर ६० दिवसांत उत्तर यायला हवं. तरीही नाही म्हणाले तर अंतिम नकारानंतर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तटस्थ तपासणीसाठी अर्ज करता येतो.

पण नकारात ‘प्लॅनमध्ये समाविष्ट नाही’ असं असेल आणि कागदपत्रात गादी स्पष्ट वगळलेली असेल, तर बाहेरची तपासणीही सहसा लागू होत नाही, कारण तिथे वैद्यकीय मताचा प्रश्नच नसतो. अशा वेळी महिनोन्महिने पत्रव्यवहारात घालवू नका, एफएसए-एचएसएकडे वळा. हॉस्पिटल बेडच्या निकषात बसणाऱ्यांनी मात्र अपील सोडू नये.

पाठ कामावरच्या दुखापतीने गेली असेल, गोदामात सामान उचलताना किंवा कामाच्या जागी पडून, तर तो वेगळा विषय आहे. ते ‘वर्कर्स कॉम्पेन्सेशन’मध्ये येतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी मागणी करून आधी मंजुरी घ्यायची. दुखापतीची नोंद मॅनेजरकडे लगेच आणि लेखी करा, प्रत्येक राज्याची मुदत वेगळी असते.

९. आईवडिलांसाठी

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. आई सहा महिन्यांसाठी येतेय, तिच्या कंबरेसाठी माझ्या एचएसएमधून गादी घेऊ का? सहसा नाही. या खात्यांतून स्वतःचा, जोडीदाराचा आणि करासाठी अवलंबून असलेल्या व्यक्तीचा खर्च चालतो. भारतात राहणारे, व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील त्या व्याख्येत साधारणपणे बसत नाहीत, तुम्ही त्यांचा सगळा खर्च करत असलात तरी. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुनं दुखणं बहुधा वगळलेलंच असतं, गादी तर नाहीच.

ग्रीन कार्डवर इथे सलग पाच वर्षं राहिलेले ६५ वर्षांवरचे आईवडील हप्ता भरून मेडिकेअर घेऊ शकतात. तिथे वर सांगितलेले हॉस्पिटल बेडचे निकष लागू होतात. मंजूर झालं तर वार्षिक डिडक्टिबलनंतर ८० टक्के मेडिकेअर देतं. पुरवठादार मेडिकेअरचा नोंदणीकृत आणि ‘असाइनमेंट’ स्वीकारणारा, म्हणजे मेडिकेअरने ठरवलेला दर मान्य करणारा, आहे ना, हे ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आईवडिलांच्या पॉलिसीचं म्हणाल, तर भारतातल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींच्या शेवटी न मिळणाऱ्या खर्चांची एक लांब यादी जोडलेली असते. कंबरेचा पट्टा, ब्रेस, वॉटर बेड, एअर बेड त्यात सापडतात. हॉस्पिटलात दाखल असतानाही हे खर्च मिळत नाहीत, मग घरच्या गादीची आशा ठेवू नका. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन यातल्या काही वस्तू देतात. पॉलिसीचं नूतनीकरण करताना एजंटला ती यादी समोर ठेवून विचारा.

ज्यांचं खातंच नाही त्यांनी पुढच्या ओपन एनरोलमेंटची (कंपनीत विमा आणि खाती निवडायच्या वार्षिक मुदतीची) तारीख आजच कॅलेंडरवर टाका. बहुतेक कंपन्यांत ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते. नवीन नोकरी लागली तर सहसा पहिल्या ३० दिवसांत निवड करावी लागते, लग्न किंवा बाळंतपण झालं तर मधेही बदल करता येतो. जानेवारीत एफएसए सुरू झालं की त्याच महिन्यात डॉक्टरांची वेळ घ्या, पत्र घ्या आणि मग दुकानात जा. सगळे कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. एचएसए वापरलं असेल तर रिटर्नबरोबर फॉर्म ८८८९ भरायचा असतो, आणि चौकशी आलीच तर दाखवायला पत्र आणि बिल लागतं.